काळ्या पाण्यावर गेलेली काशीबाई

ऑस्ट्रेलियात शिकायला गेलेला कुणी मित्र असेल तर त्याला वीस डॉलरच्या नोटेचा फोटो पाठवायला सांगा. लालसर रंगाची नोट आहे. त्यावर चष्मा लावलेल्या, डोक्यावर टोपडं घातलेल्या एका आजीबाईंचं चित्र आहे. आपल्याला वाटेल, असतील कुणी समाजसेविका किंवा राणीच्या नात्यातल्या. तसं काही नाही. या बाईंचं नाव मेरी रायबी आणि त्या घोडाचोर होत्या.

खरंच. १७७७ मध्ये इंग्लंडमध्ये जन्म, लहानपणीच आईबाप गेलेले, आजीने वाढवलेली पोरगी. घरातून पळाली, मुलाचे कपडे घालून जेम्स बरो या नावाने फिरत राहिली आणि १७९१ मध्ये चोरीच्या घोड्यासह सापडली. वय फक्त चौदा. कोर्टात कळलं की हा मुलगा नाही, मुलगी आहे. शिक्षा झाली सात वर्षं समुद्रापार, म्हणजे ऑस्ट्रेलियात. १७८८ ते १८६८ या काळात इंग्रजांनी जवळजवळ एक लाख बासष्ट हजार कैदी तिकडे नेऊन सोडले, त्यातल्या पंचवीस हजारांच्या आसपास बायका होत्या. मेरी त्यातलीच एक. तिथे तिने थॉमस रायबी या व्यापाऱ्याशी लग्न केलं. हा थॉमस १८११ मध्ये भारताच्या फेरीवरून ऊन लागून आजारी परतला आणि वारला. (आपल्याकडचं ऊन काय चीज आहे हे जळगावकरांना वेगळं सांगायला नको.) पदरात सात पोरं आणि हातात व्यापार. मेरीने तो नुसता सांभाळला नाही, वाढवला. जहाजं, गोदामं, जमिनी. न्यू साउथ वेल्सची पहिली बँक १८१७ मध्ये सुरू झाली ती तिच्याच मालकीच्या जागेत. १८५५ मध्ये वारली तेव्हा ती सिडनीतल्या मान्यवरांपैकी होती. आणि १९९४ पासून ती नोटेवर आहे.

म्हणजे बघा, गुन्हेगार म्हणून पाठवलेली मुलगी, तिशी ओलांडताच विधवा झालेली बाई, आणि शेवटी देशाच्या चलनावर.

आता पुण्यात या. मेरी वारल्यानंतर आठच वर्षांनी. साल १८६३. बोरघाटातून रेल्वे जायला लागली ते हेच वर्ष. इथेही एका तरुण विधवेला समुद्रापार पाठवायची शिक्षा झाली. तिचं नाव काशीबाई. तिचं चित्र कुठल्याही नोटेवर नाही. पण सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांच्या चरित्रात तिचं नाव येतंच येतं. आपण तिथे एक ओळ वाचतो आणि पुढच्या पानावर जातो. आज त्या ओळीपाशी जरा थांबू.

काशीबाईबद्दल जे कळतं ते मुख्यतः जोतीरावांमुळे. १८८४ मध्ये बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यावर दोन टिपणं काढली, सरकारने त्यावर जाणत्या लोकांची मतं मागवली. जोतीरावांनी जे मत पाठवलं त्यात त्यांनी काशीबाईची हकीकत सांगितली. एकवीस वर्षं झाली होती त्या घटनेला, तरी त्यांना सगळं तपशीलवार आठवत होतं.

सदाशिव बल्लाळ गोवंडे हे जोतीरावांचे तरुणपणापासूनचे मित्र. इनाम कमिशनमध्ये अधिकारी. जोतीरावांना अहमदनगरला मिस फॅरार यांची मुलींची शाळा दाखवायला नेणारे ते हेच. तर या गोवंड्यांच्या घरी काशीबाई स्वयंपाकीण होती. ब्राह्मण, चांगल्या घरातली, वयाने तरुण, दिसायला देखणी, वागायला सरळ. कितीतरी महिने ती तिथे काम करत होती.

त्या काळी ब्राह्मण विधवेचं जगणं म्हणजे काय हे थोडं सांगायला हवं, कारण आपल्याकडच्या बऱ्याच घरांत ते तसं नव्हतं. खानदेशात शेतकरी आणि कष्टकरी जातींमध्ये विधवेचा पाट लावायची रीत जुनीच. आजही म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून तो शब्द ऐकू येतो. त्याला लग्नाइतका मान नसायचा, पण बाईचं आयुष्य तिथेच संपत नसे. ब्राह्मण आणि त्यांचं पाहून वागणाऱ्या घरांत मात्र नवरा गेला की केस भादरायचे, लाल आलवण नेसायचं, एकवेळ जेवायचं, हळदीकुंकवाला आणि लग्नकार्यात पुढे यायचं नाही. मुलीचं लग्न आठव्या-नवव्या वर्षी आणि नवरा कधीकधी चाळिशीचा. त्यामुळे पंधरा-सोळा वर्षांच्या विधवा घरोघरी. १८५६ मध्ये विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाला होता, पण तो पुस्तकात. पुण्यात उघडपणे तसं लग्न करणं म्हणजे वाळीत पडणं. मग अशी बाई जगणार कशी? दुसऱ्याच्या घरी पोळ्या लाटून. काशीबाई तेच करत होती.

गोवंड्यांच्या शेजारी एक शास्त्रीबुवा राहत होता. त्याने काशीबाईच्या मागे लागायला सुरुवात केली. आधी तिने दाद दिली नाही. पण तो सोडेना. शेवटी ती बळी पडली आणि तिला दिवस गेले. जोतीरावांनी हे सगळं अगदी सरळ लिहिलंय, तिच्या चारित्र्यावर एकही शिंतोडा न उडवता, आणि मला हीच गोष्ट आधी खटकल्यासारखी आणि मग एकदम महत्त्वाची वाटली. १८८४ मधला एक पुरुष सरकारी कागदावर लिहितोय की ती सुशील होती. गरोदर विधवेबद्दल.

पुढे शास्त्रीबुवाच्याच सांगण्यावरून तिने गर्भ पाडायला विषारी औषधं घेतली. एकदा नाही, वेगवेगळी. उपयोग झाला नाही. नऊ महिने भरले आणि तिला मुलगा झाला.

आता पुढचं वाचायला सोपं नाही. तिने त्या बाळाला सुरीने मारलं आणि घरामागच्या विहिरीत टाकलं. दोन दिवसांनी पोलिसांनी संशयावरून तिला पकडलं. पुण्याच्या सेशन्स कोर्टात खटला चालला आणि शिक्षा झाली जन्मठेप काळ्या पाण्याची.

लॉ करणाऱ्यांनी इथे लक्ष द्या. भारतीय दंड संहिता १८६० मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. म्हणजे काशीबाईचा खटला या नव्या कायद्याच्या अगदी सुरुवातीच्या वर्षांतला. कलम ३०२ मध्ये तेव्हा दोनच शिक्षा होत्या, फाशी किंवा जन्मभर काळं पाणी. आपण आज ज्याला जन्मठेप म्हणतो तो शब्द कायद्यात नंतर आला. १९५५ च्या दुरुस्तीने काळ्या पाण्याची शिक्षा काढून त्या जागी आजन्म कारावास घातला गेला आणि १ जानेवारी १९५६ पासून तो बदल अमलात आला. स्वातंत्र्यानंतरही आठ वर्षं आपल्या कायद्यात काळं पाणी होतं!

आणि शास्त्रीबुवा? त्याला काही शिक्षा झाल्याचं जोतीराव सांगत नाहीत. त्याचं नावसुद्धा देत नाहीत. औषधं त्याच्या सांगण्यावरून घेतलेली, मूल त्याचं, पण कोर्टाच्या पिंजऱ्यात एकटी काशीबाई.

मी तिची बाजू घेतेय असं वाटेल. बाळाचा जीव गेला हे खरंच आहे आणि त्याला दुसरं काही नाव देता येणार नाही. पण ती बाई त्या रात्री काय पाहत होती तेही पाहा. मूल जिवंत ठेवलं तर काम जाणार, डोक्यावरचं छप्पर जाणार, माहेर-सासर दार लावणार. जोतीरावांच्या मते तिने हे केलं ते फक्त एका भीतीने, जातीत आपलं नाव खराब होईल म्हणून. तिला जायला जागाच नव्हती. पुण्यासारख्या शहरात, जिथे मुलींची शाळा निघून पंधरा वर्षं झाली होती, तिथे एका बाईला गुपचूप बाळंत व्हायला एक खोली नव्हती.

काळं पाणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सेल्युलर जेल येतं, सावरकर येतात, कोलू येतो. काशीबाईच्या वेळी हे काही नव्हतं. सेल्युलर जेलचं बांधकाम १८९६ मध्ये सुरू झालं आणि १९०६ मध्ये संपलं. त्याआधी अख्खं बेटच तुरुंग होतं. अठराशे सत्तावन्नच्या उठावानंतर, मार्च १८५८ मध्ये डॉ. वॉकर नावाचा अधिकारी दोनशे कैदी घेऊन अंदमानात उतरला आणि पोर्ट ब्लेअरची वसाहत सुरू झाली. जंगल तोडायचं, दलदल बुजवायची, मलेरियाने मरायचं. कैद्याच्या गळ्यात लाकडी बिल्ला, त्यावर नंबर आणि शिक्षेची माहिती. चारी बाजूंनी समुद्र, त्यामुळे भिंतींची गरजच नाही.

पुरुषांच्या मानाने तिथे बायका फारच थोड्या होत्या. इंग्रज अधिकाऱ्यांना त्या हव्या होत्या, पण कशासाठी ते ऐका. बायका आल्या की पुरुष कैदी संसाराला लागतील, शेती करतील, दंगा कमी होईल, हा हिशोब. ऑस्ट्रेलियात त्यांनी हेच करून पाहिलं होतं. म्हणून काही वर्षं शिक्षा भोगलेल्या बाईला लग्नाची परवानगी मिळायची. चांगल्या वागणुकीचा, स्वतःच्या पायावर उभा राहिलेला कैदी परवानगी घेऊन बायकांच्या तुरुंगात यायचा, बाई पसंत करायचा, तिने होकार दिला आणि साहेबाने मंजुरी दिली की लग्न. यांना जी मुलं झाली त्यांची वंशावळ आजही अंदमानात आहे, त्यांना तिथे लोकल बॉर्न म्हणतात. त्यांची बोली हिंदुस्तानी, कारण आई एका प्रांताची आणि बाप भलत्याच प्रांताचा.

यातला उपरोध लक्षात आला का? पुण्यात ज्या विधवेने पुन्हा लग्न करणं पाप होतं, तिचं लग्न अंदमानात सरकार लावून देत होतं. समुद्र ओलांडला की जात जाते अशी समजूत. जात आधीच गेलेल्या बाईला त्याचं काय?

जोतीरावांच्या हकीकतीत काशीबाई कोर्टाच्या निकालापाशी थांबते. पुढची वाक्यं तिच्याबद्दल नाहीत, घराबद्दल आहेत. निकाल लागला आणि लगेच, हाताशी पुरेसा पैसा नसताना, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी जुन्या गंजातल्या आपल्याच आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. आजच्या भाषेत सांगायचं तर फंड नाही, ट्रस्ट नाही, जागा नाही, म्हणून घरातच. छापील जाहिराती काढल्या. मजकुराचा अर्थ असा की ज्या विधवेला दिवस गेले असतील तिने इथे यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यायचं तर न्यावं, नाही तर इथे ठेवून जावं. विचार करा, माळी जातीतल्या, कर्मठांच्या डोळ्यांत आधीच सलणाऱ्या जोडप्याने ब्राह्मण विधवांसाठी हे दार उघडलं. या कामातली जोखीम बाळंतपण करणाऱ्या बाईवर, म्हणजे सावित्रीबाईंवर होती. रात्री-अपरात्री आलेल्या बाईला आत घ्यायचं, कळा सुरू झाल्या की जवळ बसायचं, मूल राहिलं तर दूध पाजायची सोय करायची. आपण सावित्रीबाईंना शेण-चिखल झेलणाऱ्या शिक्षिका म्हणून ओळखतो. हे काम त्याच्यापुढचं होतं आणि त्याचे फोटो पोस्टरवर नसतात.

१८८४ पर्यंत या घरात पस्तीस विधवा बाळंत झाल्या. जोतीरावांनी आकडे लपवले नाहीत. पस्तिसांतली पाचच मुलं तेव्हा जिवंत होती. तीस गेली, कारण इथे येण्याआधी आयांनी गर्भ पाडायला जी औषधं घेतली होती त्यांनी पोटातच इजा झाली होती. म्हणजे पस्तीस बायकांमधल्या बहुतेक जणींनी काशीबाईसारखंच आधी सगळं करून पाहिलं होतं. इतरांनीही हे काम पुढे उचललं, १८७५ मध्ये न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने पंढरपुरात असंच गृह निघालं. पंढरपूर का, तर विठोबाच्या दर्शनाचं निमित्त सांगून घराबाहेर पडता यायचं.

आता एक गोंधळ दूर करते, कारण परीक्षेतही मुलं तो करतात. फुल्यांच्या कथेत काशीबाई दोन आहेत. पहिली ही, १८६३ ची, काळ्या पाण्यावर गेलेली. दुसरी १८७४ ची. तीही ब्राह्मण विधवा, तीही फसवली गेलेली. पण ही दुसरी काशीबाई गंजातल्या त्या घरात पोचली. तिला मुलगा झाला. जोतीराव-सावित्रीबाईंना मूल नव्हतं, त्यांनी तो दत्तक घेतला. तोच यशवंत. जोतीरावांनी १८८७ मध्ये मृत्युपत्र करून त्याला वारस केलं. यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याबाहेर हडपसरजवळच्या माळावर त्याने रुग्णांवर उपचार केले आणि आजारी माणसांना तिथे आणता आणता सावित्रीबाईंना प्लेग झाला. १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

दोघींचं नाव एक, शहर एक, कारण एक. मधे अकरा वर्षं आणि एक घर. एकीचं मूल विहिरीत गेलं, दुसरीचं डॉक्टर झालं.

पुण्याची गोष्ट म्हणून सोडून देऊ नका, कारण तिचा पुढचा धागा आपल्या शेजारी आहे. मुक्ताईनगरहून मलकापूर, मोताळा करत गेलात की बुलडाणा. तिथे ताराबाई शिंदे राहायच्या. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत कारकून, सत्यशोधक समाजाचे सभासद. १८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेवर असाच खटला झाला. आधी फाशी, मग अपिलात काळं पाणी, आणि पुढे ती शिक्षाही कमी होऊन पाच वर्षांवर आली. वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती मात्र बायका कशा बिघडल्यात याची. ताराबाई भडकल्या. १८८२ मध्ये त्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक लिहून पुण्यात छापून घेतलं. पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. बाईला दोष देता, मग तिला त्या वाटेला नेणाऱ्या पुरुषाचं काय, हा त्यातला मुख्य प्रश्न. त्यांच्यावर इतकी टीका झाली की जोतीरावांना 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घ्यावी लागली. नंतर ते पुस्तक जवळजवळ विसरलं गेलं, ते १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत. मराठी वाङ्मय घेतलेल्यांनी लायब्ररीत शोधा. भाषा बोलीतली आहे, दोन बैठकांत वाचून होतं आणि वाचताना आपल्याच घरातली एखादी मावशी रागावून बोलतेय असं वाटतं.

मला काशीबाई आठवायचं कारण मात्र पुस्तक नाही. इंटर्नशिपमध्ये रोज वेगवेगळे पेपर चाळावे लागतात. कुठे काटेरी झुडपात, कुठे बसस्टँडच्या मागे, कुठे नाल्याकाठी अर्भक सापडल्याची बातमी अधूनमधून येतेच. कुठल्याही पेपरची काढून बघा, शब्द ठरलेले आहेत. निर्दयी माता. अज्ञात मातेविरुद्ध गुन्हा. आता कायदा काय म्हणतो ते पाहा. बारा वर्षांखालच्या मुलाला टाकून देण्याचा गुन्हा पूर्वी दंड संहितेच्या कलम ३१७ मध्ये होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ९३ मध्ये आहे. दोन्हीकडे शब्द आहेत बाप किंवा आई. बाप आधी. बातमीत येता येता तो गळतो. शास्त्रीबुवासारखाच.

आणि हेही माहीत असू द्या, कारण कुणाच्या मैत्रिणीला, रूममेटला कधी लागेल सांगता येत नाही. गर्भपाताचा कायदा १९७१ पासून आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर त्यात नवऱ्याऐवजी जोडीदार असा शब्द आहे, म्हणजे लग्न न झालेल्या मुलीलाही तो लागू होतो. सज्ञान बाईला दुसऱ्या कुणाची संमती लागत नाही आणि डॉक्टरने तिचं नाव गुप्त ठेवायचं असतं. मूल झालं आणि सांभाळणं शक्य नसेल तर बाल न्याय कायद्याप्रमाणे ते बालकल्याण समितीकडे रीतसर सोपवता येतं. ही समिती प्रत्येक जिल्ह्यात असते, जळगावलाही आणि धुळ्यालाही. तिथेही नाव बाहेर जात नाही, गुन्हा दाखल होत नाही आणि मन बदललं तर परत घेण्यासाठी दोन महिन्यांची मुदत मिळते. कुठे जायचं ते कळत नसेल तर १०९८ वर फोन करायचा. नंबर टोल फ्री आहे, रात्रीही लागतो.